खुंटीवरचा कोट आणि तीस फुटांची आई

पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच पुतळा उभा राहतो. निळा कोट, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट पुढे. त्याखालोखाल तथागतांची ध्यानस्थ मूर्ती. आपल्या वस्त्यांचा शिल्पकलेशी परिचय एवढाच, आणि तो काही कमी नाही. जयंतीच्या रात्री शिडी लावून हार घालायला चढलेले प्रत्येक पोर शिल्प म्हणजे काय हे हातांनी जाणते. परंतु शिल्प म्हणजे मान ताठ करणारी, मन शांत करणारी वस्तू, अशी जी समजूत आपल्या मनात बसली आहे, तिला गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहारात धक्का बसला. त्याची ही हकिकत.

आमच्या वस्तीतील एक मुलगी कला महाविद्यालयात शिल्पकला शिकते. मे महिन्याच्या सुटीत विहारात मुलांसाठी मातीकामाचे शिबिर घ्यावे असे तिच्या मनात आले. विहार समितीचे चिटणीसपद आमच्याकडे असल्याने परवानगीचा अर्जही आमच्याकडेच आला. (कारकुनाला घरीसुद्धा अर्जच येतात.) पहिल्या दिवशी तिने पांढऱ्या चादरीवर काही चित्रे दाखविली. त्यांत एक कोळी होता. कोळीण म्हणावे तर मासळीवाली डोळ्यांपुढे येते, म्हणून कोळीच म्हणू. जळमटात असतो तसाच, लांब लांब आठ पायांचा. पण तीस फूट उंच आणि पोलादाचा. आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत सहज पोहोचेल एवढा. त्याच्या पायांमधून माणसे ये-जा करीत होती. पोरे किंचाळली. मागे बसलेल्या बायकांतून "शी!" असा आवाज आला. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "या शिल्पाचं नाव आहे 'मामाँ'. फ्रेंच मूल आईला अशी हाक मारतं. म्हणजे 'आई'."

विहारात कोणी काही बोलेना. मग गोधड्या शिवण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले अशा एक आजी उठल्या, चष्मा सावरीत चादरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर पोटुशी हाय. पोटाखाली बघा की. अंडी हायेत."

खरेच होती. पोटाखाली जाळीची पिशवी आणि तिच्यात संगमरवराची अंडी. आमच्यासारख्या बीकॉम झालेल्याच्या नजरेतून ती सुटली होती.

हे शिल्प घडविणाऱ्या बाईंचे नाव लुईझ बुर्ज्वा. त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसला झाला. आईवडिलांचा धंदा जुन्या टॅपेस्ट्रींचा. टॅपेस्ट्री म्हणजे भिंतीवर टांगायचे, चित्र विणलेले जाड कापड, राजेरजवाड्यांच्या महालांतले. शेकडो वर्षांनी ती कापडे विरत, फाटत. वडील ती विकत घेऊन पॅरिसच्या दुकानात विकीत आणि आई घरच्या कारखान्यात ती दुरुस्त करवून घेई. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर आई रफूचे काम करणारी. हाताखाली कारागीर बायका होत्या. पुढे पॅरिसजवळच्या आँतोनी गावी बिएव्र नदीच्या काठी त्यांचे घर होते. त्या नदीचे पाणी लोकर रंगवायला चांगले, म्हणून घर तिथे.

टॅपेस्ट्री खालच्या बाजूने जास्त झिजते. त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पायच नाहीसे झालेले असत. छोट्या लुईझला चित्र काढता येते हे आईने हेरले आणि दहा-बारा वर्षांच्या पोरीला कामाला लावले. विणणाऱ्या बायकांसाठी तिने नाहीसे झालेले पाय काढून द्यायचे. नव्वदीनंतरही शिल्पे करीत राहिलेल्या या बाईंची पहिली नोकरी ही अशी. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी शाळेतून आल्यावर आईबरोबर काजबटणे केली, विड्या वळल्या, त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की लुईझ ही मालकाची मुलगी होती. त्या कारखान्यात सुई चालविणाऱ्या बायकांच्या मुलींनाही काही आठवत असेलच. त्यांच्या आठवणींचे पोलाद कोणी ओतले नाही. हे लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही.

असो. त्या घरात लुईझला इंग्रजी शिकवायला एक तरुण शिक्षिका आली आणि घरातच राहू लागली. वडिलांचे तिच्याशी संबंध जुळले. हे सुमारे दहा वर्षे चालले. आईला ठाऊक होते, मुलांना ठाऊक होते, आणि जेवणाच्या टेबलावर सगळे एकत्र बसत. कोणी बोलत नसे. बोलत ते एकटे वडील. एकदा त्यांनी संत्र्याच्या सालीची बाहुली कापली. साल उलगडताना मधला पांढरा दांडा नेमका पुरुषाच्या खुणेसारखा उभा राहिला. तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले की ही बाहुली माझ्या मुलीची म्हणावी तर तिच्याकडे असे काही नाही. सगळे हसले. लुईझबाई ऐंशीच्या घरात गेल्या तरी ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कापत असे. मुलगी म्हणून झालेला अपमान, आणि तोही ताटावर.

१९३२ मध्ये आई वारली. लुईझ त्या वेळी विद्यापीठात गणित शिकत होत्या. गणिताचे नियम बदलत नाहीत म्हणून त्यांना ते आवडे. आईच्या मृत्यूनंतर त्या गणित सोडून चित्रकलेकडे वळल्या. १९३८ मध्ये त्यांनी रॉबर्ट गोल्डवॉटर या अमेरिकन कला-इतिहासकाराशी लग्न केले आणि त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे संसार, तीन मुलगे, आणि उरलेल्या वेळात राहत्या इमारतीच्या गच्चीवर लाकूडकाम. मागे फ्रान्समध्ये राहिलेल्या माणसांच्या आठवणीने त्यांनी माणसाच्या उंचीचे उभे, बारीक लाकडी खांब घडविले. पुढच्या काही वर्षांत असे सुमारे ८० झाले. प्रदर्शनात ते चौथऱ्यावर न ठेवता थेट जमिनीवर उभे केले. आत शिरलेला माणूस जणू मुक्या गर्दीत सापडे.

आता जरा आमचीच गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे नीट उलगडणार नाही.

१९८२ च्या संपात आमच्या वडिलांची गिरणी सुटली. पुढे त्यांना वॉचमनची नोकरी लागली आणि घरात एक खाकी कोट आला. दहा बाय बाराची खोली. कोट दाराजवळच्या खुंटीवर. रात्री चाळीच्या जिन्यातला दिवा दाराच्या फटीतून आत येई आणि कोटाला खांदे फुटत. वाऱ्याने बाही हलली की आमचे अंग गार पडे. आजीने मीठमिरच्या ओवाळल्या. १९५६ साली तिने देव्हारा उचलून नदीत सोडला होता, पण 'बाहेरचं' काही तिच्या मनातून गेले नव्हते. विहारात तर भन्ते सांगत की भूत नसते. ते आम्हांला पटत असे. दिवसा तर पूर्णच पटत असे. तरी रात्री कोट हलेच.

आज कळते की भूत नव्हतेच, कोट होता. कोट खुंटीवर असला म्हणजे वडील घरात. खुंटी रिकामी असली म्हणजे वडील पिऊन यायचे आहेत. दोन्ही वेळी भीती. तिसरी वेळच नव्हती. एका रात्री आम्ही ओरडून उठलो. आई काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या रात्रीपासून ती निजायच्या आधी त्या कोटावर आपले पातळ टाकू लागली.

ओळखीच्याच वस्तूची अशी भीती वाटते, तिला मराठीत नेमका शब्द नाही. 'अंगावर काटा येणे' हे तिचे लक्षण झाले. सर्वांत जवळचा शब्द आहे चकवा. रोजच्या पायवाटेने निघालेला माणूस रात्री फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो, त्याला गावाकडे चकवा लागला म्हणतात. वाट परकी नसते, रोजचीच असते. म्हणून तर घाम फुटतो. मनाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये याच भावनेवर एक मोठा निबंध लिहिला. गंमत अशी की त्यात त्यांनी स्वतःला लागलेल्या चकव्याची हकिकत दिली आहे. इटलीतल्या एका गावात भर दुपारी ते रस्ता चुकले आणि पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत येऊन पोहोचले. या भावनेसाठी जर्मन भाषेत जो शब्द आहे त्याच्या पोटात 'घर' हा शब्द आहे. त्या भाषेत घरगुती या अर्थाचा शब्दच लपविलेले या अर्थानेही वापरतात, यावर फ्रॉइड यांनी बोट ठेवले. जे घरातले असून झाकून ठेवले होते ते अवचित समोर आले, की माणूस दचकतो. भुताखेतांना रजा देऊन भीतीचा हिशेब मांडायचा तर असा मांडता येतो. आम्हां बौद्धांना तो पटण्यासारखा आहे.

लुईझबाईंना फ्रॉइड चांगले ठाऊक होते. १९५१ मध्ये वडील वारले आणि त्या खचल्या. त्या सुमारास त्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ लागल्या. अधूनमधून खंड पडत हे तीस वर्षांहून अधिक चालले. पण बोलून जे सुटेना ते त्यांनी हाताने धरले. १९७४ मध्ये त्यांनी 'पित्याचा विध्वंस' नावाचे शिल्प केले. लाल उजेडातली एक गुहा, वरखाली गोल गोल फुगवटे, मध्ये टेबल की बिछाना कळू नये असे काही आणि त्यावर तुकडे. बाजारातून मटण आणून त्यांनी त्याचे साचे काढले होते. गोष्ट अशी की जेवताना बढाया मारणाऱ्या बापाला मुले टेबलावर ओढतात आणि खातात. वाचून किळस येईल. आम्हांलाही आली. शिबिरात हे चित्र मुलांना दाखवू नये असे आम्ही त्या मुलीला सांगितले, आणि तिने ते ऐकले. पण घरी परतताना संत्र्याची साल आठवत राहिली. ताटावर झालेल्या अपमानाची परतफेड बाईंनी ताटावरच केली होती, कोणाच्या अंगाला हात न लावता.

नवरा वारला, मुले मोठी झाली, तेव्हा कुठे त्यांना मोठी जागा मिळाली. १९८० मध्ये ब्रुकलिन भागात, पूर्वीच्या कपड्यांच्या कारखान्यात. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरविले. वय ७०. त्याच वर्षी त्यांनी वडील, आई आणि ती शिक्षिका यांची गोष्ट जाहीरपणे सांगितली. तोवर माणसे त्या शिल्पांकडे नुसते आकार म्हणून पाहत होती.

त्यानंतरची वीसेक वर्षे म्हणजे खरा सुगीचा काळ. 'सेल' म्हणजे कोठडी या नावाने त्यांनी सुमारे ६० रचना केल्या. जुनी दारे, जाळ्या, काचा यांनी वेढलेल्या खोल्या. आत शिरता येत नाही, फटीतून डोकवायचे. लहान मूल आईवडिलांच्या खोलीत डोकावते तसे. १९९४ मधल्या दोन 'लाल खोल्या' अशाच आहेत. एकीत आईवडिलांचा नीटनेटका लाल पलंग, दुसरीत मुलाची खोली, लाल दोऱ्याची रिळे. काही घडलेले दिसत नाही. म्हणूनच छाती दडपते. एका कोठडीत लहानपणच्या घराची गुलाबी संगमरवरी प्रतिकृती आहे आणि तिच्यावर गळा कापायचे यंत्र टांगलेले. १९९६ मधल्या एका शिल्पात झिरझिरीत जुने कपडे हँगरवर टांगावेत तसे टांगले आहेत, पण हँगरऐवजी गुरांची हाडे आहेत. बाई स्वतःचे आणि आईचे कपडे जन्मभर सांभाळून ठेवीत. हे शेवटचे चित्र पडद्यावर आले तेव्हा आम्ही उठून बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. खाकी नव्हते, कोट नव्हता, तरी.

आणि मग कोळी. १९४७ च्या सुमारास त्यांनी तो कागदावर काढला होता. १९९० नंतर तो वाढत वाढत तीस फुटांचा झाला. १९९९ मध्ये 'मामाँ' तयार झाली आणि मे २००० मध्ये लंडनचे टेट मॉडर्न संग्रहालय उघडले तेव्हा त्याच्या प्रचंड दालनात उभी राहिली. पुढे तिचे काशाचे ओतीव नमुने कॅनडात ओटावा, स्पेनमध्ये बिल्बाओ, जपानमध्ये टोकियो अशा ठिकाणी उभे राहिले. पाहणाऱ्याला भीती वाटते. पण बाईंच्या मते कोळी हा उपकारी जीव. डास खातो. हुशार, चिवट, आणि जाळे तुटले तर कांगावा न करता पुन्हा विणायला बसतो. रफू करणारी त्यांची आई तशी होती. जिने सारे पाहिले, गप्प राहिली आणि फाटलेले शिवत राहिली. १९९७ मधल्या एका शिल्पात तर कोळ्याच्या पायांखाली पिंजरा आहे, आत रिकामी खुर्ची आणि जाळीवर जुन्या टॅपेस्ट्रीचे तुकडे. कोळी पिंजऱ्याची राखण करतो की कोंडून ठेवतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. आई गप्प राहिली याचा रागही त्यात असेल, असे आम्हांला वाटते. लुईझबाई ३१ मे २०१० रोजी ९८ व्या वर्षी न्यूयॉर्कला वारल्या.

शिबिराच्या चौथ्या दिवशी मुलांना सांगितले, घरातली एक वस्तू करा. कोणी गॅसची शेगडी केली, कोणी पंखा. नऊ वर्षांच्या एका मुलाने एक छोटे घर केले आणि दारात चपलांचा जोड ठेवला. चपला घराहून मोठ्या. (आईची परवानगी घेऊन लिहीत आहोत, नाव लिहीत नाही.) विचारले तर म्हणाला, "पप्पा घरी आहेत." शेजारच्या दोन मुलांनी खाली पाहिले. कोणीही हसले नाही.

त्याच रात्री समितीत वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "घरातल्या गोष्टी विहारात कशाला? आधीच आपल्याला नावे ठेवणारे कमी आहेत काय?" त्यांचा राग आम्ही समजू शकतो. आपल्या समाजाची मोठी भीती बाहेरून आली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लहानपणचा एक प्रवास लिहिला आहे. वडिलांना भेटायला निघालेली पोरे मसूर स्टेशनावर उतरतात. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. जात कळताच क्षणात त्याचा चेहरा बदलतो. पुढे गाडीवान मिळत नाही, पाणी मिळत नाही. हा प्रसंग १९०१ च्या सुमाराचा. बाबासाहेबांनी तो तीस-पस्तीस वर्षांनी लिहिला आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केला. तो बदललेला चेहरा इतक्या वर्षांतही पुसट झाला नव्हता. अशा चेहऱ्यांशी लढताना घर हा आपला किल्ला झाला, आणि किल्ल्याच्या आत काय चालते ते बोलायचे राहून गेले. बायकांनी मात्र ते लिहिले. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले आणि घरातल्या मारहाणीवरही लिहिले. ऊर्मिला पवार यांची आई बांबूची आयदानं विणी. लेकीने आत्मकथेला नाव दिले तेच, 'आयदान'. त्यामुळे समाजाची मान खाली गेली असे आम्हांला तरी दिसले नाही. समितीत आम्ही एवढेच बोललो. मतदान घेतले नाही; माती आणली होती ती संपेपर्यंत शिबिर चालू ठेवायचे ठरले.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावले होते. त्या मुलाचे वडील ड्युटीवरून थेट आले. आले ते प्यायलेले नव्हते. प्रत्येक वस्तूजवळ नावाची चिठ्ठी होती. ते त्या घरापाशी थांबले, बराच वेळ थांबले. मग मुलाला म्हणाले, "एवढ्या मोठ्या कशाला केल्यास रे?"

मुलगा म्हणाला, "तेवढ्याच आहेत."

मुलांच्या वस्तू आम्ही धारावीच्या कुंभारवाड्यात भाजून आणल्या. त्यात एक चप्पल तडकली. दोन्ही विहाराच्या काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. वडिलांची दारू सुटली असे लिहिता आले असते तर आम्हांलाही बरे वाटले असते, सुटलेली नाही. मात्र अधूनमधून रविवारी वंदनेला येतात, आणि परत जाताना पायांत चपला घालण्याआधी एकदा कपाटाकडे पाहून जातात.